मोरोक्कोच्या दारात अमेरिकन पासपोर्ट

आजचा विषय मोरोक्कोचे प्रवेशनियम, आणि तेही अमेरिकेतून तिकडे फिरायला जाणाऱ्यांपुरते. मुख्य नियम एका वाक्यात सांगून होतो. अमेरिकेचा साधा पासपोर्ट असेल तर पर्यटनासाठी किंवा व्यवसायाच्या भेटीगाठींसाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. आधी अर्ज करायचा नाही, विमानतळावर फी भरायची नाही. इंटरनेटवर 'अमेरिकन नागरिकांसाठी मोरोक्को व्हिसा' म्हणून पैसे मागणारी पानं दिसली, तर सरळ बंद करा.

अडचण पुढेच आहे. 'व्हिसा नाही' एवढं ऐकलं की माणसं निर्धास्त होतात, आणि मग घोटाळा होतो तो शिक्क्यात, दिवसांच्या हिशेबात, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पासपोर्टात. म्हणून आज मुख्यतः त्याच गोष्टींबद्दल बोलणार आहे.

अमेरिका आणि मोरोक्को यांचा संबंध जुना आहे. सुलतान तिसरा मोहम्मद यानं डिसेंबर १७७७ मध्ये अमेरिकन जहाजांना आपली बंदरं खुली केली. १७८६ मध्ये दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला, तो आजही चालू आहे. टँजिअरच्या जुन्या शहरात १८२१ मध्ये सुलतानानं अमेरिकेला भेट दिलेली वकिलातीची इमारत अजून उभी आहे. तिथे संग्रहालय आहे, टँजिअरला गेलात तर जरूर पाहा. पण या जुन्या मैत्रीचा दाखला देऊन पासपोर्टच्या खिडकीवर कुठली सूट मिळत नाही.

सुरुवात पासपोर्टापासून करू. प्रवेशाच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेलाच पासपोर्ट घेऊन निघा. सीमेवरच्या अधिकाऱ्याच्याही आधी विमान कंपनीचा माणूस चेक-इनलाच तारीख बघतो, आणि त्याला शंका आली तर बोर्डिंग पास मिळत नाही. मोठ्यांचा अमेरिकन पासपोर्ट १० वर्षांचा असतो, त्यामुळे तारीख साधारण लक्षात राहते. सोळा वर्षांखालच्या मुलांचा मात्र पाचच वर्षांचा असतो, आणि घोळ होतो तो बहुतेक इथंच. शिवाय मुलांचा पासपोर्ट टपालानं नव्यानं करता येत नाही. मुलाला घेऊन दोन्ही पालकांनी प्रत्यक्ष जावं लागतं. एकाला जमत नसेल तर त्याचं नोटरीसमोर सही केलेलं संमतिपत्र लागतं. साध्या अर्जाला चार ते सहा आठवडे धरा, त्यात टपालाचा वेळ वेगळा. म्हणजे उन्हाळ्यात जायचं असेल तर मार्चमध्ये घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर काढून तारखा बघायच्या. मुखपृष्ठ सुटलेलं, पान फाटलेलं, पाण्यानं फुगलेला फोटो असा पासपोर्ट घेऊन जाऊ नका. तो नाकारला जाऊ शकतो. शिक्क्यासाठी एखादं पूर्ण कोरं पानही हवं.

आता विमानतळ. कासाब्लांका असो की माराकेश, रांगेत उभं राहायचं आणि खिडकीवर पासपोर्ट द्यायचा. कुठे राहणार, किती दिवस, काम काय करता, एवढे प्रश्न येतात. पहिल्या हॉटेलचं नाव आणि पत्ता कागदावर लिहिलेला हवा, कारण नेमक्या त्या वेळी फोनला नेटवर्क नसतं. परतीचं तिकीटही छापून ठेवा. कामधंद्याच्या प्रश्नाला खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. पत्रकारिता किंवा चित्रीकरण करायला जात असाल तर ते पर्यटन नव्हे, त्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

खिडकीवरून हलण्याआधी पासपोर्ट उघडून शिक्का बघा. तारीख नीट उमटली आहे का, शिक्का प्रत्येकाच्या पासपोर्टात पडला आहे का. पहिल्यांदा जाणाऱ्याला शिक्क्याजवळ आकडे आणि अक्षरं असलेला एक क्रमांकही मिळतो. हा प्रवेश-क्रमांक पुढे प्रत्येक हॉटेलात आणि रियादमध्ये (जुन्या वाड्यांत चालवलेल्या अतिथीगृहांत) विचारला जातो, कारण पाहुण्यांची नोंद त्यांना पोलिसांकडे द्यावी लागते. दुसऱ्या फेरीत जुना क्रमांक शोधत पानं उलटावी लागू नयेत म्हणून त्या पानाचा आणि मुख्य पानाचा फोटो काढून ठेवा.

शिक्का राहून जाण्याची जास्त शक्यता समुद्रमार्गानं येणाऱ्यांना असते. स्पेनच्या तारिफाहून टँजिअर शहराच्या बंदरात येणारी फेरी साधारण तासाभराची. या मार्गावर मोरोक्कोचे पोलीस बऱ्याचदा बोटीतच टेबल मांडून शिक्के मारतात. लोक डेकवर फोटो काढत बसतात, रांग संपून जाते, आणि बोट लागल्यावर कळतं की आपला शिक्का राहिला. मग बाकीचे उतरून जाईपर्यंत खोळंबा. त्याहून वाईट म्हणजे गर्दीत तसंच बाहेर पडणं. शिक्का नसलेला माणूस कागदोपत्री देशात आलेलाच नसतो, आणि परत जाताना त्याला हे निस्तरावं लागतं. म्हणून बोट सुटल्याबरोबर आधी शिक्क्याची रांग, मग डेक. स्पेनच्याच अल्हेसिरासहून निघणाऱ्या बहुतेक बोटी टँजर-मेद या नव्या बंदराला लागतात. ते टँजिअर शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्यामुळे तिकीट काढताना बंदराचं नाव वाचा, नाहीतर हॉटेलला जायचा टॅक्सीचा खर्च अंगावर येतो.

आता दिवस. ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जुलैला आलात आणि ३० सप्टेंबरला निघालात तर ९२ दिवस भरतात. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवून निघा, कारण विमान रद्द झालं ही सबब हिशेबात धरतीलच असं नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, राहता त्या शहरातल्या पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात वाढीव मुक्कामाचा अर्ज करायचा. राहण्याचा पुरावा, पैशांचा पुरावा आणि कारण लागतं. कागद फ्रेंचमध्ये किंवा अरबीत असले तर काम हलतं. अर्ज न करता मुदत ओलांडली, तर देश सोडण्याआधी न्यायाधीशापुढे उभं राहावं लागतं. दंडापेक्षा त्यात जाणारे दिवस आणि बुडणारं तिकीट जास्त महाग पडतं.

उत्तर किनाऱ्यावरच्या सेउता किंवा मेलिया या स्पॅनिश शहरांत एक दिवस जाऊन परत यायचं आणि नवे ९० दिवस मिळवायचे, असा सल्ला सर्रास दिला जातो. बऱ्याच जणांचं ते जमतं. पण परत आत घ्यायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि वारंवार असं करणाऱ्याला प्रश्न विचारले जातात. घर भाड्यानं घेऊन दीर्घ मुक्काम करणाऱ्यानं या युक्तीवर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पेन आणि मोरोक्को एकाच सहलीत करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या स्पेनसारख्या युरोपीय देशांत, अमेरिकन पासपोर्टावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मोरोक्कोचे ९० दिवस पूर्णपणे वेगळे. मोरोक्कोत काढलेले दिवस शेंगेनच्या हिशेबात धरले जात नाहीत, पण तिकडे गेल्यानं शेंगेनचा हिशेब पहिल्यापासून सुरूही होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघानं शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद ठेवायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात केली. त्यामुळे आता तिथं दिवसांची मोजणी यंत्र करतं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण अमेरिकेतल्या मराठी घरात एकाच रंगाचे पासपोर्ट क्वचितच असतात. मुलं अमेरिकन नागरिक, आई ग्रीन कार्डवर, बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आणि सोबत पुण्याहून आलेले आजी-आजोबा. मोरोक्कोचा अधिकारी पासपोर्ट बघतो, राहता कुठे ते नंतर. ज्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) आहे ते त्याच्या दृष्टीनं निव्वळ अमेरिकन. भारतीय पासपोर्टाला मात्र व्हिसा लागतो, ग्रीन कार्ड असलं तरी. दिलासा असा की जुलै २०२२ मध्ये मोरोक्कोनं ई-व्हिसा सुरू केला, आणि अमेरिकेचा रहिवासी परवाना किंवा चालू व्हिसा असलेल्यांना तो घरबसल्या मिळतो. अर्ज परराष्ट्र खात्याच्या 'अ‍ॅक्सेस मारोक' या संकेतस्थळावर करायचा. साधी फी ७७० दिरहम (मोरोक्कोचं चलन), आणि घाईचा अर्ज ११०० दिरहम. मुक्काम ३० दिवसांपर्यंत, आणि प्रवेश एकदाच. हा 'एकदाच' महत्त्वाचा. ई-व्हिसावर मोरोक्कोत आलेल्या माणसानं मध्येच सेउता बघायला जायचं नाही. गेला की व्हिसा संपला.

अर्जात अमेरिकेच्या कागदाची मुदत बघितली जाते. रहिवासी परवाना असेल तर तो अजून १८० दिवस, आणि व्हिसा असेल तर अनेक प्रवेशांचा व अजून ९० दिवस चालू असावा लागतो. आजी-आजोबांचा बी-१/बी-२ हा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा सहसा १० वर्षांचा असल्यानं ते सहज बसतात. अडकतात ते एच-१बीवाले. अमेरिकेत राहूनच मुदतवाढ मिळालेली असते, आय-७९७ हा मंजुरीचा कागद हातात असतो, पण पासपोर्टातला व्हिसाचा स्टँप कधीच संपलेला असतो. मोरोक्कोच्या अर्जाला तो संपलेला स्टँप चालत नाही. आणि समजा कसंबसं जाऊन पोहोचलात, तरी परत येणार कसे? संपलेल्या स्टँपवर थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परत येण्याची जी सवलत आहे, ती कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. मोरोक्कोला ती लागू नाही. कासाब्लांकातच स्टँपिंग, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा नवा स्टँप, करून घेऊ, हा बेतही आता धोक्याचा. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेनं सांगून ठेवलं आहे की अर्जदारानं आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशातच मुलाखत द्यावी. अशा माणसानं आधी भारतात स्टँपिंग करावं, मोरोक्को नंतर.

नावांकडे लक्ष द्या. भारतीय पासपोर्टात आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. तिकिटावर मधलं नाव गाळलेलं, ई-व्हिसावर पूर्ण, असं झालं की चेक-इनला वाद होतो. पासपोर्टाच्या खालच्या दोन, यंत्रानं वाचायच्या ओळींत जे नाव आहे तेच अक्षरशः दोन्हीकडे भरा, आणि ई-व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवा.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी वाटेतला युरोपही तपासायला हवा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून माद्रिदपर्यंत एक आणि पुढे दुसरं काढलं, तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायला स्पेनमध्ये शिरावं लागतं, आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. स्पेन फिरून मग मोरोक्को आणि परत माद्रिदहून घरी, असा बेत असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागा. एकाच प्रवेशाचा व्हिसा टँजिअरची बोट पकडली की संपतो. शक्य असेल तर न्यूयॉर्क ते कासाब्लांका थेट विमान घ्या, हे सगळे प्रश्नच उरत नाहीत.

मुलं एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत सोबत असावी. दर वेळी मागतील असं नाही. पण आडनावं वेगळी असली की विचारणा होते.

जकातीचं थोडक्यात. दिरहम देशाबाहेर फारसा मिळत नाही, आणि २,००० दिरहमांहून जास्त रक्कम आत आणता किंवा बाहेर नेता येत नाही. विमानतळावर गरजेपुरते बदला आणि पावती जपा, कारण उरलेले दिरहम परत डॉलरमध्ये करताना ती मागतात. १,००,००० दिरहमांच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त परदेशी चलन असेल तर येतानाच घोषित करायचं. औषधं मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ड्रोन मात्र घरीच ठेवा. परवानगीशिवाय तो आणता येत नाही. जकातवाले काढून घेतात आणि पावती देतात. तो परत मिळतो त्याच विमानतळावर, आणि पुष्कळ लोक माराकेशला उतरून कासाब्लांकाहून निघतात.

शेजारच्या अल्जीरियाची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. नकाशावर रस्ता दिसतो, पण जाता येत नाही. शिवाय अल्जीरियासाठी अमेरिकन नागरिकालाही व्हिसा लागतो. दक्षिणेला पश्चिम सहाराकडे गाडीनं जाणाऱ्यांनी पासपोर्टाचा तपशील, प्रवेशाची तारीख, व्यवसाय आणि गाडीचा क्रमांक लिहिलेल्या कागदाच्या आठ-दहा प्रती ठेवाव्यात. चौक्यांवर एकेक देत गेलं की वेळ वाचतो. त्या भागात भूसुरुंग आहेत, डांबरी रस्ता सोडू नका.

पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हरवल्याची लेखी नोंद घ्या, मग कासाब्लांकाला जा. अमेरिकेचा दूतावास राजधानी राबातमध्ये आहे, पण नागरिकांची पासपोर्टाची कामं कासाब्लांकाच्या वाणिज्य दूतावासात होतात. तातडीचा पासपोर्ट तिथं मिळतो. त्यात प्रवेशाचा शिक्का नसतो, आणि बाहेर पडताना अधिकारी तोच शोधतो. त्या वेळी पोलिसांची नोंद आणि तुम्ही काढून ठेवलेला शिक्क्याचा फोटो दोन्ही खिडकीवर ठेवा.