नरक्याचं झाड आणि गावाची वही

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की रान दाट होत जातं. त्या रानात एक झाड आहे. फार उंच नाही, डोळ्यांत भरावं असंही नाही. पण फुललं की जवळ उभं राहवत नाही, इतका घाण वास. म्हणून आपण त्याला नरक्या म्हणतो. आपले कन्नड बोलणारे शेजारी म्हणतात 'दुर्वासने मर', म्हणजे दुर्गंधीचं झाड. नाव दोन्ही भाषांनी वासावरूनच ठेवलं.

या नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं. यातले वाणी मूळचे नंदुरबारचे. पुढे 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे. या द्रव्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. अंडाशयाच्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर आज जगभर ती देतात. कुणाचा तरी जीव वाचवणारं झाड आपल्या रानात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण मी दुसरंही पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं माणसं यायची, टेम्पो घेऊन. नरक्याचं लाकूड आणून द्या म्हणायची. पोरं कोयते, कुऱ्हाडी घेऊन रानात जायची, झाड मुळासकट उपटायची, ढलप्या करून खळ्यावर वाळत घालायची. मग ताणकाट्यावर वजन, किलोला मोजके रुपये, आणि पोती भरून टेम्पो चालता. लाकूड कशाला लागतं, कुठं जातं, कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, हे आज मनाला लागतं. एका उतारावर तर झाडांच्या जागी नुसते खड्डे उरले होते.

हे असं होऊ नये म्हणूनच जगानं काही नियम केले. 1992 साली रिओ दी जानेरोला जैवविविधतेचा करार झाला. तोवर रानातलं झाड, शेतातलं बियाणं म्हणजे साऱ्या मानवजातीचं धन, कुणीही न्यावं, असा रिवाज होता. करारानं सांगितलं, ज्या देशाची जैवसंपदा, हक्क त्या देशाचा. मग 2010 च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नागोया शहरात त्याला आणखी एका कराराची जोड मिळाली. तो नागोया प्रोटोकॉल 12 ऑक्टोबर 2014 पासून लागू झाला. त्याचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा: आधी विचारा, मग अटी ठरवा, मग न्या, आणि त्यातून जे मिळेल त्यातला वाटा द्या. नुसत्या झाडासाठी नव्हे, झाडाचा गुण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपला, त्यांच्या ज्ञानासाठीसुद्धा.

वाटा म्हणजे नेमकं काय, ते केरळातल्या काणी आदिवासींनी पाहिलंय. 1987 मध्ये शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर अगस्त्य डोंगर चढत होते. शास्त्रज्ञ दमले, काणी वाटाडे मात्र एका झुडपाची छोटी फळं खात ताजेतवाने चालत होते. विचारल्यावर आधी सांगेनात, कारण ते त्यांच्या जमातीचं गुपित होतं. शेवटी सांगितलं. त्या आरोग्यपच्चा नावाच्या झुडपापासून 'जीवनी' हे औषध बनलं, आणि परवाना फी व रॉयल्टी यांतला अर्धा हिस्सा काणींसाठी ठेवला गेला. नागोयाच्या कितीतरी आधी. पुढे त्यातही अडचणी आल्या. जंगलखात्याच्या नियमांमुळं झुडूप रानातून आणणंच अवघड झालं. तरीही ज्यांचं ज्ञान, त्यांचा हिस्सा, हे तत्त्व तिथं प्रत्यक्षात उतरलं.

आपल्या देशाचा जैवविविधता कायदा 2002 चा. 2023 मध्ये त्यात बदल झाले. इथली जैवसंपदा वापरायची तर परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. आणि प्राधिकरणानं परवानगी देताना त्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सल्ला घ्यायचा असतो. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या समितीचा! इथले शेतकरी, वैदू यांना स्वतःच्या वापरासाठी कुणाला विचारावं लागत नाही, तेव्हा कुणी घाबरू नये.

समितीचं मोठं काम म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. रानातलं, बांधावरचं, परसातलं सगळं तीत लिहायचं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या कामाचा पाया घातला. वही कागदोपत्री पुष्कळ ठिकाणी आहे. पण ती कुणाला विचारून लिहिली? आमच्या वाडीत एक आजी आहेत, बाळंतिणीला कुठला पाला द्यायचा, मुका मार लागला तर कुठली साल उगाळायची, सगळं तोंडपाठ. त्यांना मी वहीबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "मला कोण विचारतंय बाबा? नि लिवलं तरी मला वाचाय येणार हाय का?" माझं स्पष्ट मत आहे, सरकारी वही कन्नडमध्ये असो, पण आजींनी सांगितलेलं नाव आजींच्याच बोलीत तीत आलं पाहिजे, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं पाहिजे. जे त्यांना उघड करायचं नाही, ते लिहू नये.

शहापूर-वडगावच्या शिवारातला बेळगाव बासमती हा तांदूळही असाच वहीत यायला हवा. सुगीत त्या शिवारातून चालताना येणारा वास ज्यानं घेतलाय तो विसरणार नाही. आता बहुतेक शेतांत दुसरी वाणं आली. ज्यांच्या घरी जुनं बियाणं कणगीत राखलेलं आहे, त्यांची नावं नोंदवहीत आलीच पाहिजेत.

आणि घाई का, तेही सांगतो. आता पान न्यायचीही गरज उरलेली नाही. झाडाच्या जनुकांची अक्षरं संगणकावर चढली की कुठूनही काम करता येतं. त्यासाठी 2025 च्या फेब्रुवारीत 'काली फंड' हा जागतिक निधी सुरू झाला; काली हे कोलंबियातलं शहर, त्याचं नाव या निधीला दिलंय. अशा माहितीवर नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्यात वाटा टाकावा, आणि निदान अर्धा पैसा आदिवासी व स्थानिक लोकांच्या गरजांसाठी जावा, असं ठरलंय. पैसे देणं कंपन्यांवर सक्तीचं नाही, ही त्यातली मोठी उणीव.

येत्या ग्रामसभेत उभं राहून आपल्या गावची वही मागा. दाखवली तर नरक्याचं पान उघडा, आणि त्या पानावर माहिती कुणी सांगितली त्याचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर तिथंच लिहून घ्यायला सांगा. मी आजींना घेऊन जाणार आहे.

नमस्कार.