आगीआधी हवा संपते

(थंडीच्या दिवसांत एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात अग्निशमन दलातल्या निवृत्त अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुम्ही मला आगीबद्दल बोलायला बोलावलंत, पण मी सुरुवात बाथरूमपासून करणार आहे. नोकरीत ज्या वर्द्यांनी, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यांनी, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, त्यांत ज्वाळाही नव्हत्या आणि धूरही नव्हता. आतून कडी लावलेलं दार, पाणी वाहत असल्याचा आवाज आणि हाका मारूनही उत्तर नाही. दार तोडून आत जावं तर फरशीवर तरणंताठं माणूस पडलेलं आणि भिंतीवरचा गॅस गीझर अजून पेटलेला. बाहेर घरचे म्हणत असतात, चक्कर आली असेल, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खरं कारण त्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेलं असतं.

जरा हिशेब करू. सहा लिटरचा गॅस गीझर पूर्ण जोरात चालला की तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम मोठे ठेवावेत, इतकी ती उष्णता. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आपलं बाथरूम असतं साधारण चार बाय सहा फुटांचं. त्यात मावते साडेपाच-सहा घनमीटर हवा. म्हणजे खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांत एक-तृतीयांशाहून जास्त हवा गीझरच्या ज्योतीतून जाते. उरलेली हवा जुनी, वापरलेली. त्या हवेत ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घरातली चार माणसं पाठोपाठ आंघोळ करत असतील आणि मधे दार फारसं उघडं राहत नसेल, तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला आधीच्या तिघांची साठलेली हवा येते. बहुतेक घरांत शेवटी आंघोळीला कोण जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गॅस गळला की आपल्याला वास येतो, कारण गॅस कंपन्या एलपीजीत मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. त्या वासाच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो. पण जळताना तो वासही जळून जातो. शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट पकडतं. त्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. आता बाहेर पडावं हे कळेपर्यंत कडीपर्यंत हात नेण्याची ताकद उरलेली नसते. काहींना झटके येतात आणि फिट समजून उपचार सुरू होतात. आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण इतके पाहिले, की त्यांनी याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच दिलं.

कोणी म्हणेल, आमच्या गीझरला टायमर आहे, वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. असतो, पण तो फक्त वेळ मोजतो, हवा मोजत नाही. कोणी म्हणेल, एक्झॉस्ट फॅन आहे. पंखा हवा बाहेर फेकेल, पण आत यायला वाट नको का? दाराखालच्या फटीला झुरळं येऊ नयेत म्हणून रबराची पट्टी लावलेली, खिडकीच्या काचेच्या पट्ट्या थंडीमुळे बंद करून वर वर्तमानपत्र चिकटवलेलं. अशा खोलीत पंखा काय ओढणार? जुन्या वाड्यांत न्हाणीघर मागच्या अंगणात असायचं आणि बंब उघड्यावर पेटायचा. आपण बंब बाथरूमच्या आत आणला आणि अंगणातली हवा बाहेरच राहिली.

उपाय एकच आहे आणि तो मी ठामपणे सांगतो. गॅस गीझर बाथरूममध्ये असूच नये. तो ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती खोलीसारखी केली असेल, तर ती बाल्कनीही मोकळी धरू नका. आता पाइप गॅस घेतलाय म्हणून तुम्ही सुटलात असंही नाही. तोही जळायला हवाच मागतो. उलट एलपीजीचा गीझर जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी, न बदलता पाइप गॅसवर जोडला तर ज्योत बिघडते. शेगडीची ज्योत पिवळी पडली, भांड्यांना काजळी धरू लागली, की बायका लगेच ओळखतात आणि बर्नर साफ करून घेतात. गीझरची ज्योत पत्र्याच्या डब्यात लपलेली असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. वर्षातून एकदा तो उघडून साफ करून घ्या.

दुसरी गोष्ट बोलताना मला थोडं जपून बोलावं लागतं, कारण ती मायेने केली जाते. बाळंतिणीची शेगडी. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराला जाड पडदा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि त्यावर ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. गावाकडे हे पूर्वी चालायचं, कारण खोलीवर कौलं होती. कौलांच्या फटींतून हवा खेळत होती. तीच रीत आज स्लॅबच्या, सरकत्या काचांच्या खोलीत केली जाते. लालबुंद, धूर नसलेला निखारा पाहून आजी म्हणते, आता कोळसा चांगला पेटलाय, आत घ्या. धूर थांबला म्हणजे धोका गेला असं वाटतं, पण तो बिनधुराचा निखाराच भरपूर मोनॉक्साइड सोडत असतो. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, ते हा वायू लवकर आत घेतं, आणि 'डोकं दुखतंय' असं सांगू शकत नाही. बाळंतीण दिवसभर झोपाळलेली, मळमळतंय म्हणते, तर सगळे म्हणतात, बाळंतपणाचा थकवा. आजींना माझी हात जोडून विनंती आहे: शेक द्या, गरम पाण्याच्या पिशवीने द्या, तव्यावर गरम केलेल्या कापडाने द्या. निखारा मात्र झोपायच्या खोलीत नको. दार किलकिलं ठेवून चालवून घेऊ, हेही नको.

हाच निखारा तंबूत, गाडीत, हॉटेलच्या खोलीत तितकाच घातक आहे. थंडीत कॅम्पिंगला जाणारी मुलं बार्बेक्यूची शेगडी विझत आली की ऊब म्हणून तंबूत ओढतात. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळच्या आठ पर्यटकांचा एका खोलीत झोपेत मृत्यू झाला. त्यांत चार मुलं होती. तिथे निखारा नव्हे, गॅस हीटर चालू होता, आणि दारं-खिडक्या बंद होत्या.

आता आगीकडे येतो. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात 3 एप्रिल 2024 च्या पहाटे एका टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात असं दिसलं की ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. ते गुदमरून गेले. बंद घराला लागलेल्या आगीत हे पुन्हा पुन्हा दिसतं. गादी, फोम, कपडे, प्लास्टिक जळताना जो धूर निघतो, त्यात हाच कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो जिन्यातून धुराड्यासारखा वर चढतो. झोपलेल्या माणसाला धुराने जाग येईल, या भरवशावर राहू नका. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म आता आपल्याकडेही मिळतो, मोनॉक्साइडचाही मिळतो. परदेशात राहणारी तुमची मुलं ज्या घरांत राहतात, तिथे ते छताला बसवलेले असतात. इथल्या घरातही झोपायच्या खोलीजवळ एकेक लावा.

आणि ग्रिल. चोर येऊ नये, मूल पडू नये, कुंड्या ठेवता याव्यात म्हणून आपण प्रत्येक खिडकीला बॉक्स ग्रिल ठोकतो. माझे जवान शिडी लावून खिडकीपर्यंत पोहोचलेत, आतलं माणूस हाताच्या अंतरावर आहे आणि मधे कटरने कापावे लागणारे लोखंडी गज आहेत, असे प्रसंग मी पाहिलेत. निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारं दार करून घ्या. कुलूप लावलं तर किल्ली तिथेच, खिळ्याला, घरातल्या लहान मुलालाही माहीत असलेल्या जागी ठेवा. जिन्यात इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावू नका. उतरायची वाट तीच असते, आणि त्या बॅटरीचा धूर फार झपाट्याने भरतो.

बाकीचं तुम्हाला बरंचसं माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. गळतीचा वास आला तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर 1906 ला फोन करा. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं, तपासणीची मुदत सांगणारं अक्षर बघा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती तारीख उलटली असेल तर सिलिंडर परत करा. नळी आयएसआय मार्कची, आणि ती पाच वर्षांनी बदला. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नको. गॅस बंद करून वर झाकण सरकवा आणि ते थंड होईपर्यंत उचलू नका. ओट्याशी नायलॉनचा गाऊन नको. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरा, टूथपेस्ट नको, हळद नको.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगतो. बाथरूममध्ये कोणी पडलं तर आधी दार उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणा, गीझर बंद करा, 108 ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा. कोरोनापासून प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आहे. त्यावर 98 दिसलं म्हणून थांबू नका. बोटाला लावायचं ते यंत्र मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतं. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा, 'बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता'. हे ऐकलं की डॉक्टर मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने तेच काम तास-दीड तासात होतं. आणि शुद्धीवर आलं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं विसरू नका. विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं, स्वभावात बदल, हे कधी कधी दोन-तीन आठवड्यांनीही सुरू होतं.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात भाड्याने राहतो आणि तिथे घरमालकाने गीझर आतच बसवलाय, तर त्याने काय करावं? ताई, आज रात्रीच त्याला फोन करा. दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, आणि मगच आत जाऊन कडी लावायची. शॉवर चालू ठेवून आंघोळ करायची नाही. घरमालकाला गीझर बाहेर हलवायला लेखी सांगा. पाइप आणि नळी लांबवायचं काम आहे, प्लंबरला ते नवीन नाही.

तुमचे सेक्रेटरी इथेच बसलेत, त्यांनाही एक काम देतो. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी तुम्हाला जानेवारीत आणि जुलैत द्यावाच लागतो. तो देताना जिन्यातली होज रील आणि पंप तपासला जातो, फ्लॅटच्या आत कोणी बघत नाही. या जानेवारीत त्यासोबत एक यादी करा: कोणत्या फ्लॅटमध्ये गॅस गीझर आहे, आत आहे की बाहेर, आणि तिथे कोण राहतं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटपासून सुरुवात करा.