दिजों आणि बर्गंडीचा उतार

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून सुटलेली टीजीव्ही ही वेगवान रेल्वे दीड-पावणेदोन तासांत दिजोंला पोहोचते. फ्रान्सच्या पूर्वेकडचा, वाइनसाठी प्रसिद्ध असलेला बर्गंडी प्रांत; त्याच्या ड्यूकांची ही राजधानी. राजवाड्याचा फिलिप ल बाँ मनोरा ४६ मीटर उंच आहे आणि पायऱ्या ३१६. वर मार्गदर्शकासोबतच सोडतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून घ्या.

वाड्यातल्या कलासंग्रहालयाला तिकीट नाही. ड्यूक फिलिप द बोल्डच्या समाधीपाशी खाली वाकून पाहा. चौथऱ्याभोवतीच्या कमानींमधून अलाबास्टरची माणसं शोक करत चालली आहेत, जेमतेम हातभर उंचीची. काहींनी डोक्यावरचं वस्त्र इतकं पुढे ओढलंय, की चेहरा दिसतच नाही.

याच फिलिप द बोल्डने १३९५ साली फर्मान काढून भरघोस पिकणाऱ्या गामे द्राक्षाला बंदी केली. आज इथली नामांकित लाल वाइन पिनो न्वार या एकाच जातीची. मग गावागणिक चव का बदलते? उत्तर जमिनीत आहे.

दिजोंच्या दक्षिणेला पूर्वेकडे तोंड करून एक अरुंद उतार पसरलाय. खाली चुनखडक, त्यात कमीजास्त चिकणमाती. इथल्या द्राक्षमळ्यांच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आणि ठरलेली हद्द आहे. अशा तुकड्याला म्हणतात ‘क्लिमा’. २०१५ साली युनेस्कोने हे क्लिमा जागतिक वारशात घेतले, तेव्हा त्यांची संख्या होती १,२४७.

क्लो द व्हूजोच्या भिंतीआड हा फरक डोळ्यांनी दिसतो. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासींनी बाराव्या शतकापासून जोडत नेलेला हा मळा सुमारे ५० हेक्टरांचा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो मठाच्या हातून गेला, पुढे वाटण्या झाल्या आणि आज त्याचे ८० च्या आसपास मालक आहेत. दर्जा मात्र सगळ्याला एकच, ग्राँ क्रू, म्हणजे सर्वांत वरचा. वरच्या अंगाला माती उथळ, खडेदार; पाणी झरकन निचरून जातं. तळाशी, हमरस्त्याजवळ, माती जड. तिथे ओल धरून राहते, घड फुगतात आणि रस पातळ होतो. एप्रिलमध्ये थंड हवाही खालीच साचते, कोवळे कोंब करपतात. म्हणून इथली बाटली घेताना जरूर विचारा: तुमच्या ओळी भिंतीच्या वरच्या अंगाला की तळाला?

लेबल वाचतानाही जपा. ‘शांबेर्तँ’ हा ग्राँ क्रू मळा. ‘जव्रे-शांबेर्तँ’ हे गावाचं नाव. १८४७ मध्ये जव्रेने आपल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं. नुसतं गावाचं नाव असलेली वाइन दोन पायऱ्या खालची. मधली पायरी प्रमिए क्रूची.

छोट्या उत्पादकांकडे आगाऊ वेळ घेऊनच जावं. दुपारी बारा ते दोन दारं बंद, आणि सप्टेंबरात तोडणी सुरू झाली की पाहुण्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. चव घेऊन वाइन भांड्यात थुंकणं इथे रीतीचंच आहे. संकोच करू नका. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, तेव्हा गाडी भाड्याने घेण्यापेक्षा दिजों-बोन मार्गावरची स्थानिक रेल्वे बरी. ती जव्रे, व्हूजो आणि न्वी-सँ-जॉर्जला थांबते. मात्र सगळ्याच गाड्या थांबत नाहीत, परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

हाती अर्धाच दिवस असेल, तर व्हूजोला उतरा आणि भिंतीच्या कडेने तळापासून वरपर्यंत चालत जा.