आधी खोली ऐका, मग माइक घ्या

(लातूर इथं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"कोणता माइक घेऊ?" हा प्रश्न आता सप्ताहाच्या मंडपातसुद्धा येतो. पूर्वी पोरं विचारायची, एवढा मोठा स्पीकर कितीला पडला. आता विचारतात ते यूएसबी माइकचं. कुणाला शेतीचं यूट्यूब चॅनल काढायचंय, कुणाला आजोबांचे अभंग रेकॉर्ड करून ठेवायचेत, आणि निम्म्यांना रात्री बीजीएमआय नाहीतर व्हॅलोरंट खेळताना आपला आवाज गड्यांना नीट जावा एवढंच हवंय. खिशात दोन ते चार हजार. घरी सांगितलेलं असतं, ऑनलाइन क्लाससाठी पाहिजे म्हणून. पालक मागं बसलेत, तेव्हा हा विषय इथंच सोडतो.

मी साऊंडवाला माणूस. माझं निम्मं आयुष्य कीर्तनाच्या माइकमागं गेलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कीर्तनात बुवा पुढं उभे असतात आणि त्यांच्या पाठीशी टाळकऱ्यांची रांग. आता माइकचं तोंड कुणाकडं आहे? बुवांकडं. पण बुवांच्या पलीकडं कोण आहे? टाळकरीच. म्हणजे माइक नुसता बुवांकडं नाही, सगळ्या टाळांकडंही तोंड करून उभा आहे. तरी बुवांचा शब्द न शब्द मांडवाच्या टोकापर्यंत जातो. कामून? बुवा माइकपासून चार बोटांवर आहेत आणि टाळ चार-पाच हातांवर. बुवा अभंगाच्या भरात दोन पावलं मागं सरकले की टाळ अंगावर येतात, मी आवाज वाढवतो, आणि मग स्पीकरमधून शिट्टी वाजते. लोक वळून माझ्याकडं बघतात.

यामागचं गणित सोपं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. तोंड माइकपासून एका वितेवर असेल आणि तुम्ही हातभर अंतरावर, म्हणजे दोन वितींवर गेलात, तर गेले 6 डेसिबल. दोन हातांच्या अंतरावर गेलात तर 12. ही तूट भरून काढायला तुम्ही गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचा खटका, वर नेता. पण गेनला तुमचा आवाज वेगळा ओळखता येत नाही. पंखा, कूलर, शेजारच्यांची मिक्सर, गल्लीतला कुत्रा, सगळं त्याच्याबरोबर 12 डेसिबल वर येतं. मग पोरगं म्हणतं, माइक भंगार निघाला. माइक टेबलाच्या त्या टोकाला, मॉनिटरच्या पायाशी ठेवलेला असतो, त्याला तो बिचारा काय करणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चार हजार असतील तर चारही हजारांचा माइक घेऊ नका. तीनचा घ्या आणि उरलेल्यात तो तोंडाजवळ येईल अशी सोय करा. टेबलाला आवळायचा बूम स्टँड घ्या. खोक्यातून येणारं वीतभर उंचीचं तिपाई स्टँड बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. माइक तुमच्या छातीच्याही खाली राहतो, आणि टेबलावर की दाबली, माऊस आपटला की प्रत्येक ठोका त्याच्यातून वर चढतो. स्टँड परवडत नसेल तर माइकखाली जाड पुस्तकं रचा, वर टॉवेलची घडी ठेवा. दिसायला वाईट दिसतं, पण काम होतं.

आता खोली. आपल्याकडची जुनी घरं दगड-मातीची होती, वर माळवद. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ती पद्धत गेली आणि जायलाच हवी होती, त्या छतांनीच माणसं गाडली. त्यानंतर आलं सिमेंट, आणि पत्रे. आज या शहरात जी हॉस्टेलं आणि भाड्याच्या खोल्या आहेत त्या बघा: गुळगुळीत भिंत, खाली फरशी, एक लोखंडी कपाट, एक कॉट. अशा खोलीत मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागं टर्रर्र अशी शेपूट ऐकू येते ना, ती प्रत्येक वाक्यामागं तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येणार आहे. भोंग्याच्या आतून बोलल्यासारखा आवाज येतो म्हणून जी तक्रार असते ती हीच. बीस हजारांचा माइकसुद्धा ही शेपूट कापत नाही. उलट जास्त बारकाईनं टिपतो.

1895 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह असंच घुमत होतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद हवेत रेंगाळायचा, पोरांना काही कळायचं नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून घुमणं किती वेळात विरतं ते घड्याळ लावून मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत. खोलीचं आकारमान आणि तिच्यातला मऊपणा यांवर घुमणं ठरतं, हे सूत्र त्यातून निघालं. जगातली सभागृहं आजही त्या सूत्रापासून सुरुवात करून बांधतात.

आपल्याकडं गाद्या चोरायची गरज नाही. घरात वाकळ आहे, आजीनं शिवलेली गोधडी आहे. फक्त ती लावायची कुठं, यात बहुतेक जण चुकतात. माइकच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे आपल्या समोर लावतात. कीर्तनाचा मांडव आठवा. माइकचं तोंड तुमच्याकडं आहे, म्हणजे त्याला दिसते ती तुमच्या पाठीमागची भिंत. गोधडी तुमच्या पाठीशी टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. कपड्यांचं कपाट असेल तर दार उघडून त्याला पाठ देऊन बसा. आणि पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करायचं असेल तर त्याला इलाज नाही, पाऊस थांबायची वाट बघा.

कूलरचंही तसंच. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42-43 च्या पुढं जातो, तेव्हा कूलर बंद करा असं सांगणारा मी कोण? पण यूएसबी माइक बहुतेक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं सगळ्यात जास्त ऐकतात, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. तेव्हा कूलर माइकच्या पाठीकडं येईल असं बसा. कीबोर्डही तिकडंच. अभंग रेकॉर्ड करायचे असतील तर पहाटे करा, तेव्हा गल्लीही झोपलेली असते.

आता माइककडं येऊ. दोन जाती: कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सर म्हणजे विजेचा भार असलेल्या पातळ पडद्यानं आवाज टिपणारा. स्वस्त यूएसबी कंडेन्सरमध्ये असतो तो इलेक्ट्रेट प्रकार, त्यात तो भार कायमचा भरलेला असतो. 1962 मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो काढला, आणि त्यानंतर कॅसेट रेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडं तोच बसला. म्हणूनच तो इतका स्वस्त मिळतो. डायनॅमिक म्हणजे आमच्या मांडवातला, चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेला. डायनॅमिक बाहेरचा आवाज ओढत नाही असं दुकानदार सांगतात. हे अर्धंच खरं आहे. तो मुळात कमी संवेदनशील असतो, त्यामुळं तुम्हाला तोंड जवळ न्यावंच लागतं, आणि जवळ गेल्यामुळं बाहेरचं कमी येतं. कंडेन्सरलाही तेवढंच जवळ घेऊन गेन उतरवलात तर फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार थोडा राहतो.

तरीही हॉस्टेलच्या खोलीत, शेजारी तिघं बसलेले असताना खेळणाऱ्याला मी डायनॅमिकच सांगेन, कारण तो शिस्त लावतो. फिफाइन एएम8 किंवा सॅमसन क्यू2यू यांच्यात यूएसबी आणि एक्सएलआर (साऊंडवाल्यांची तीन पिनांची वायर) दोन्ही सोयी आहेत, म्हणजे उद्या साऊंडचा मिक्सर घेतला तरी माइक फेकावा लागत नाही. शांत खोली आहे, गाणं आहे, तर फिफाइन के669, माओनो एयू-ए04, हायपरएक्स सोलोकास्ट या जातीतला कंडेन्सर चालेल. माओनोच्या संचात स्टँड आणि पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारा पडदा) हेही येतं, ते हिशेबात धरा. ब्लू यति प्रसिद्ध आहे, त्यात तीन कॅप्सूल (आवाज टिपणारे भाग) आणि चार पॅटर्न (कोणत्या दिशेचं ऐकायचं ते) आहेत, पण पहिल्या माइकला एवढं नको. चुकून चौफेर ऐकणारा पॅटर्न लागला की सगळं घर रेकॉर्ड होतं. शिवाय यतिसारख्या माइकच्या बाजूनं बोलायचं असतं, आणि लोक आइस्क्रीमच्या कोनासारखं त्याच्या टोकाला तोंड लावतात.

एका खोक्यापासून सावध राहा. बीएम-800 या नावानं सोनेरी जाळीचा, स्टुडिओसारखा दिसणारा माइक हजाराच्या आसपास मिळतो. तो बहुतेक वेळा यूएसबीचा नसतो. त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून वायरीतूनच माइकला मिळणारी वीज, लागते आणि लॅपटॉपच्या भोकात खुपसला तर मुंगीसारखा आवाज येतो. आणि खोक्यावर 192 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाज किती हजार वेळा मोजला ते), 24 बिट असं लिहिलेलं असेल तर त्याला भुलू नका. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, ते टिपायला त्याच्या दुपटीहून थोडं जास्त पुरतं, म्हणून सीडी 44.1 वर होती, व्हिडिओ 48 वर चालतो. खेळताना बोलायचं डिस्कॉर्ड ॲप तर तुमचा आवाज साधारणपणे 64 केबीपीएसवर दाबून पाठवतो. खोक्यावर त्याऐवजी बघा: माइकलाच हेडफोनचं भोक आहे का, म्हणजे आपला आवाज उशीर न होता ऐकता येतो; गेनचा खटका आहे का; बंद करायचं बटण आहे का; आणि वायर निघते का. वायर आधी तुटते, माइक नंतर.

ज्यांना फक्त खेळताना बोलायचंय, स्ट्रीम करायचं नाही, त्यांनी काही घेऊच नका. हेडसेटचा माइक ओठांपासून दोन बोटांवर असतो, आणि ते दोन बोटांचं अंतर तीन हजार वाचवतं. फक्त ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर एक माहीत असू द्या: बहुतेक हेडफोनचा माइक चालू झाला की गेमचा आवाजही टेलिफोनसारखा होतो. तिथं साधा वायरचा हेडसेट बरा.

गेन लावताना हळू बोलून लावू नका. गडी नॉक झाल्यावर जसे ओरडता तसं ओरडून लावा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला आवाजाचा काटा -12 ते -6 डेसिबलच्या मध्ये राहायला हवा. शून्याला धडकला की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. मराठीत तर फ, भ, ख, थ सारखे हवा फेकणारे वर्ण जागोजागी आहेत. "भाऊ, फाटक उघड" एवढं म्हणून बघा, माइक धडधडतो. त्यासाठी फोमची टोपी घाला, आणि तोंडासमोर थेट न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडं थोडा तिरका ठेवा. हवा बाजूनं निघून जाते.

एका मुलानं चिठ्ठी दिली आहे, दोघं मित्र एका लॅपटॉपला दोन यूएसबी माइक लावून पॉडकास्ट करू का? शक्यतो नको. दोन्ही माइकची घड्याळं वेगळी चालतात, लांब रेकॉर्डिंगमध्ये दोघांचे आवाज एकमेकांपासून सरकतात, आणि विंडोजला दोन्ही एकत्र घ्यायला जास्तीचं सॉफ्टवेअर लागतं. प्रत्येकानं आपापल्या मोबाइलवर वेगळं रेकॉर्ड करा; मोबाइलची घड्याळंही थोडी सरकतात, म्हणून सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी द्या, आणि ऑडॅसिटी या आवाज जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टाळ्या जुळवा. फुकटात होतं.

दुसरी चिठ्ठी आहे, माइकमध्ये सारखी घूं अशी घरघर येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर गेली तर माइक निर्दोष आहे, घरातली अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियनला बोलवा. गेली नाही तर वेगळी वायर, वेगळं यूएसबी भोक लावून बघा. तरीही राहिली तर खोकं, पावती सगळं घेऊन बदलून आणा. परतीची मुदत फार थोडी असते, तेव्हा हे सगळं माइक आला त्याच संध्याकाळी करा.