हळदीचा डाग, कुंकवाचा टिळा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरातल्या कुठल्याही घरची कपड्यांची दोरी बघा. तांबड्या रश्श्याचा डाग पडलेला एखादा पांढरा शर्ट तिच्यावर हमखास सापडेल. वाटी तोंडाला लावायची, शेवटचा घोट घ्यायचा आणि दोन थेंब छातीवर सांडायचे, ही आपली पद्धतच आहे. गंमत पुढं असते. तेल-तिखट धुऊन जातं, मागं हळदीचा पिवळा डाग राहतो आणि त्याच्यावर साबण घासला की तो बघता बघता लालभडक होतो. लहानपणी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा रक्तच आलं असं वाटून मी हातातला शर्ट टाकून दिला होता. आजी न्हाणीच्या दारात बसली होती. म्हणाली, "आगं, घाबरतीस काय? खळबळ आणि उन्हात टाक. ऊन हळद खातंय."

संध्याकाळी शर्ट पांढरा.

पुढं मी चित्रकलेची शिक्षिका झाले. फळ्यावर रंगचक्रं काढली, मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं शेरे मारले. पण रंगाचा पहिला धडा त्या धुण्याच्या दगडावरचाच. हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते. साबणात क्षार असतो, चुन्यात असतो. आपल्याकडच्या बायकांना हे शाळेत न जाताच ठाऊक होतं, कारण जुनं कुंकू याच गुणावर व्हायचं. हळद, टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि लिंबाचा रस. खल करायचा, सावलीत वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. हळद लांबून आणायला नको, शेजारी सांगलीची पेठ आहेच. म्हणजे शर्टावरचा डाग आणि कपाळावरचा टिळा एकाच हळकुंडाचे. एक घासघासून घालवायचा आणि दुसरा पुसला तर आभाळ कोसळायचं. रंग तोच, जागा बदलली.

या तांबड्याबद्दलच आज बोलायचं आहे. लाल नव्हे, तांबडा. तुम्ही कधी लक्ष दिलंय का, की आपण लाल रस्सा म्हणत नाही? माती तांबडी, भोपळा तांबडा, पहाटे फुटतं ते तांबडं. पण साहेबांच्या गाडीवर असायचा तो दिवा लाल, एसटी लालपरी. घरातलं आणि रानातलं ते तांबडं, सरकारी आणि बाजारातलं ते लाल, असं माझं आपलं एक निरीक्षण. तांबडा हा शब्द आला तांब्यावरून, संस्कृतातल्या ताम्रावरून. घासलेल्या तांब्याच्या घागरीवर सकाळचं ऊन पडलेलं आठवा, तो तांबडा.

मराठीत रंगाचं नाव एकटं येतच नाही. काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक, निळाशार. धोतर पांढरंशुभ्र असतं, पण भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. डोळे रागानं लालबुंद होतात आणि ओठ मात्र लालचुटुक. त्या मागं लावलेल्या शेपटीतच सगळा अर्थ. परक्या माणसाला हे शिकवायला बसलं तर वर्ष जाईल.

दोन अमेरिकन अभ्यासकांनी, बर्लिन आणि के यांनी, जगातल्या कितीतरी भाषांतले रंगांचे शब्द गोळा करून १९६९ मध्ये एक मांडणी केली. ज्या भाषेत रंगांना दोनच मूळ शब्द, तिथं ते उजेड आणि अंधार सांगतात, म्हणजे पांढरा आणि काळा. तिसरा शब्द आला की तो तांबड्याचाच. हिरवा, पिवळा त्यानंतर, निळा आणखी मागून. या मांडणीवर पुढं वाद झाले, दुरुस्त्याही झाल्या, पण तांबड्याचा तिसरा नंबर फारसा हलला नाही. त्याचं नवल वाटायला नको. रक्त तांबडं, विस्तव तांबडा, पिकलेलं फळ तांबडं. जगायचं असेल तर तेवढं तरी ओळखता आलं पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेत ब्लोम्बोस नावाची समुद्राकाठची गुहा आहे. तिथं मोठे शिंपले सापडले आणि त्यांच्या पोटात वाळलेला तांबडा रंग. २०११ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. रंगाचं वय सुमारे एक लाख वर्षं. गेरूचे खडे दगडावर घासून भुकटी केलेली, तिच्यात हाडातली चरबी आणि कोळसा घालून खललेलं. शेती नाही, भांडी नाहीत, लिहिणं नाही, आणि माणूस शिंपल्यात रंग कालवत बसलेला! तो अंगाला लावला की कशाला, ते त्या शिंपल्यांतून कळत नाही. पण माझ्या वर्गातली मुलं बाटलीच्या झाकणात रंग कालवायची, तेव्हा हटकून तो शिंपला मला दिसायचा.

गेरू म्हणजे दुसरं काय, लोखंडाचा गंज. आपल्याकडं त्याला तोटा नाही. पन्हाळ्यावर जा, पायाखाली जांभा. आपला सह्याद्री मुळात काळ्या दगडाचा. हजारो-लाखो वर्षं पाऊस त्याच्यावर पडला, दगडातलं बाकीचं विरघळून वाहून गेलं, लोखंड मागं राहून गंजलं आणि माथ्यावर तांबडा जांभा झाला. म्हणून शिरोळकडं उसाची काळी रानं आणि घाटाकडं गेलं की तांबडी माती. लोखंड तेच. एकीकडं काळ्या दगडात दडलेलं, एकीकडं हवा-पाण्यानं उघडं पडलेलं.

त्याच मातीत आपली पोरं घडली. तालमीच्या हौद्यातली माती नुसती खणून टाकलेली नसते. ती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचं, मुरवायची. माझा धाकटा भाऊ तालमीत जायचा. घरी आला की उंबऱ्याबाहेर उभा करून आई त्याच्यावर घागर ओतायची आणि पायरीवरून तांबडं पाणी वाहायचं. पांढरे कपडे घालून त्याच्या जवळून जायची कुणाची छाती नव्हती. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं, तिथं हीच तांबडी माती. आता कुस्ती गादीवरही होते, महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात. गादीवरचा पैलवान खेळून उठतो तो कोराकरकरीत. चपळाई भरपूर, पण मला तो अजून कुस्ती खेळलाय असं वाटत नाही. हे माझं म्हातारपण समजा.

एक गंमत सांगून पुढं जाते. याच गावात बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, ती त्याला काळा करून टाकायची. म्हणजे नटीच्या कपाळावरचं कुंकू पडद्यावर काजळाच्या ठिपक्यासारखं. आणि लोक ते कुंकूच समजून बघत होते! पुढं कोल्हापुरातच सुरू झालेल्या प्रभात कंपनीनं १९३३ मध्ये रंगीत चित्रपटाचा घाट घातला, प्रती थेट जर्मनीत काढून आणल्या. रंग काही साधले नाहीत.

तोवर बाजारातले रंग मात्र पार बदलून गेले होते. १८५६ मध्ये लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा डांबरातल्या द्रव्यापासून क्विनीन करायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या मुळ्यांतला तांबडा प्रयोगशाळेत झाला, १८९७ पासून कारखान्यातली नीळ विकायला आली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. झाडाच्या मुळ्या उकळून, लाखेचे किडे गोळा करून जो रंग निघायचा, तो पोत्यानं मिळू लागला. आजचा गुलाल आणि बहुतेक कुंकूही त्यातलंच. कपाळ चुणचुणतं म्हणून तक्रार करणाऱ्या बायका त्यामुळंच.

पण गुलालाचा मान उणा झाला नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरं उधळतात आणि देवळाचा काळा दगड गुलाबी होऊन जातो. परतीच्या एसटीत शेजारी कोण बसलंय ते चेहऱ्यावरून कळत नाही. श्रीमंत कोण, कुळवाडी कोण, काही नाही. "चांगभलं" म्हणायचं आणि सरकून बसायचं. हाच गुलाल निवडणुकीत आला की त्याची जात बदलते. मतमोजणीच्या आदल्या रात्री चौकाचौकात विषय एकच, "गुलाल कुणाचा?" लागला तो जिंकला, न लागलेला गुपचूप घरी. शर्टाला बोट लावून बघितलं तर भुकटी एकच.

रंगाचा अर्थ रंगात नसतो, तो माणसं ठरवतात. चीनमध्ये नवरी तांबड्यात आणि सुतक पांढऱ्यात. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीनं १८४० मध्ये लग्नात पांढरा झगा घातला आणि मग तीच रीत झाली. आपण एरवी काळा अशुभ म्हणतो आणि संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसतो. नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग? ते गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी रुजवले. आता बँकेत, शाळेत, भाजीच्या गाडीवर सगळ्याजणी एका रंगात असतात आणि ही प्रथा पूर्वापार आहे असं एखादी मला छातीठोकपणे सांगते. मी वाद घालत नाही. मीसुद्धा त्या दिवशीची साडी शोधूनच नेसते.

पण माणसांनी दिलेला अर्थ माणसांच्याच अंगावर येतो, तो कुंकवाच्या बाबतीत. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. लग्नाला वाट मिळाली, तरी कपाळ पुसणारे हात थांबले नाहीत. त्याला आणखी शंभर वर्षं लागली. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की आमच्या गावात ही प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव झाला म्हणजे लगेच घरोघरी तसं होतं असं नाही, हे मलाही कळतं. हळदी-कुंकवाला कुणाला बोलवायचं याची यादी अजून कुजबुजत होते.

आजोबा गेले तेव्हा मी सहावीत होते. आलेल्या बायकांनी आजीचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं. पण पन्नास वर्षं एकाच जागी कुंकू लावलेलं. तिथली कातडी बाकीच्या कपाळापेक्षा उजळ राहिली होती. कुंकू गेलं, त्याचा गोल दिसत राहिला, शेवटपर्यंत.

ती गेल्यावर तिची फणेरपेटी माझ्याकडं आली. आत पारा उडालेला आरसा, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. कुंकवाच्या आधी बोटानं मेण लावायचं असायचं, तर त्या मेणात बोटाचा खळगा तसाच. करंड्याचं झाकण घट्ट बसलं होतं, पदरात धरून फिरवलं तेव्हा निघालं. वीस वर्षं कुणी उघडलं नव्हतं. मला वाटलं, आतलं मातकट होऊन गेलं असेल.

तांबडंच होतं. ऊन लागलंच नव्हतं त्याला.