फुटके थर्मामीटर आणि एक ‘कदाचित’

[पलंगाशेजारी थर्मामीटर, चौकटींचा कागद, पेन्सिल]

मूल इतक्यात नको असेल, तर सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाण्याचा घोटही न घेता बायकोनं थर्मामीटर तोंडात धरायचा. आकडा कागदावर टिपायचा. बीजांड बाहेर पडलं की तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसनं चढतं. ते सलग तीन दिवस चढलेलं राहिलं, की नवरा-बायकोला मोकळीक. पण सर्दीताप आला, रात्री तान्ह्यानं दोनदा उठवलं, की आलेख फसलाच. गोळी आणि निरोध कॅथलिक चर्चला अमान्य. उरली ही एवढीच वाट.

याच आलेखावर इंग्लिश कॅथलिक लेखक डेव्हिड लॉज यांनी १९६५ साली अख्खी कादंबरी उभी केली : ‘द ब्रिटिश म्युझियम इज फॉलिंग डाउन’. नायक ॲडम ॲपलबी. वय २५, पदरी तीन मुलं, प्रबंध अर्धवट आणि बायकोची, बार्बराची, पाळी लांबलेली. सगळं एका दिवसात घडतं.

ॲडम मनातल्या मनात मंगळावरच्या विश्वकोशासाठी ‘रोमन कॅथलिक पंथ’ ही नोंद रचतो. अणुयुद्धात पृथ्वी संपलीय. कॅथलिकांची घरं उत्खननात ओळखायची कशी? जिथं आलेख, कॅलेंडरं आणि फुटके थर्मामीटर सापडतील, ती! यात फादरची टवाळी नाही. नियम आहे तसाच सांगितलाय, फक्त कोशाच्या कोरड्या सुरात. त्यात तिखटमीठ घातलं असतं, तर हसूच आलं नसतं.

[ब्रिटिश म्युझियमचं गोल वाचनालय]

ॲडमचा प्रबंध छाटून छाटून उरलाय तो इंग्रजी कादंबऱ्यांतल्या लांब वाक्यांपुरता. आणि शेवटी लांब वाक्य बोलते कोण? बार्बरा! जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीच्या शेवटाचं हे विडंबन. तिथली मॉली ‘हो’ म्हणत राहते, बार्बरा ‘कदाचित’. पाळी आलीय, यावेळेपुरती सुटका झालीय.

त्या ‘कदाचित’ला तेव्हा अर्थ होता. संततिनियमनावर पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली आयोग नेमला होता, आणि १९६६ साली आयोगाच्या बहुमतानं बदलाच्या बाजूनं कौल दिला. पण २५ जुलै १९६८ ही तारीख घातलेलं पोप सहावे पॉल यांचं ‘हुमाने वीते’ हे परिपत्रक आलं. बंदी कायम.

यानंतर लॉज यांचं हसू बदललं. १९८० च्या ‘हाऊ फार कॅन यू गो?’मध्ये माणसं पोपना न विचारता, एकेक करून आपापला निर्णय घेतात. निवेदक मध्येच सहज सांगून जातो, की साठच्या दशकात केव्हातरी नरक नाहीसा झाला. नक्की कधी, ते कुणालाच सांगता येणार नाही.