समुद्राकडची खिडकी माझी

(टपावरच्या कॅरिअरला सायकलचा पट्टा आवळणारे हात. बाहेर अजून अंधार.)

सोलापुरातनं कुठल्याही रस्त्यानं निघा, समुद्र तीनशे किलोमीटरच्या पलीकडेच. आम्ही पुण्यावरून अलिबागला उतरतो. तिथून पुढं आमचे हे सायकलवर, थेट खाली, गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत. आणि मी गाडीत.

शेजारच्या वहिनी दर वेळी विचारतात, "ते सायकल मारणार, मग तू एकटी गाडीत बसून करणार काय?" आता ही फिल्म त्यांना दाखवली की झालं.

(नकाशा. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याची रेघ.)

रेवस ते रेडी हा सागरी रस्ता पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतो. कुठं तो महामार्ग म्हणवून घेतो, तर कुठं दोन नारळांच्या मधून जाणारी गल्ली असते. उत्तरेकडून दक्षिणेला यायचं कारण वारा. हिवाळ्यात दुपार झाली की इथं वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो. खाली जाणाऱ्याच्या तो पाठीवर येतो. वर जाणाऱ्याला तोंडावर घ्यावा लागतो.

यात माझाही एक फायदा आहे. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला येतो आणि आपल्याकडे स्टिअरिंगही उजवीकडेच. सायकलवाला रस्त्याच्या डाव्या कडेनं, डोंगर बघत जातो. समुद्राकडची खिडकी माझी.

आमच्याकडचे सायकलवाले वाऱ्याला कंटाळतात, कारण चढ असा नाहीच. अक्कलकोट रोड घ्या, विजापूर रोड घ्या, सगळं सपाट. चढाचा सराव करायचा तर तुळजापूरचा घाट गाठायचा. आमचे हे दर रविवारी तेच करत होते, आणि तेवढ्यावर खूश होते. कोकणात पहिल्या दोन दिवसांतच ती खुशी उतरली. इथं एकच मोठा घाट चढला आणि सुटलो, असं होत नाही. खाडी आली की रस्ता पाण्यापर्यंत उतरतो, खाडी ओलांडली की जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढतो, पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो. दिवसाला साठ किलोमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण चढ सगळे मिळून हजार मीटरच्या घरात जातात, आणि सड्यावर दुपारी सावलीला झाड सापडत नाही. ह्यांनी निघण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलून जास्त दातांची बसवून घेतली होती. माझ्या मते संपूर्ण तयारीतला तेवढाच खर्च खऱ्या अर्थानं कामी आला. बाकी चष्मे आणि जर्सी कॅमेऱ्यासाठी.

(घाटात मागून येणारी एसटी. पुढं कुणीच नाही.)

सपोर्ट कार म्हटलं की लोकांना वाटतं, सायकलच्या मागं मागं पहिल्या गिअरवर गाडी चालवायची. आम्ही ते केलं नाही. एक तर अरुंद रस्त्यावर मागं एसटी आणि डंपर तुंबतात, लोक हॉर्न वाजवून जीव खातात. दुसरं, चढावर दम लागलेल्या माणसाला मागं बायको बघत बसलेली नको असते. एकदाच मागं राहिले, तर हे थांबून म्हणाले, "पाळत ठेवतेस का माझ्यावर?"

म्हणून मी पुढं जायचं. पंधरा किलोमीटरवर एखादं देऊळ, शाळा किंवा एसटीचा थांबा ठरवायचा आणि तिथं पाणी, केळी, मीठ-साखरेची बाटली काढून ठेवायची. रेंजचा भरवसा नाही, त्यामुळं ठिकाण सकाळीच कागदावर लिहून दोघांच्या खिशात. पंधरा किलोमीटरला मला अर्धा तास, त्यांना सपाटीवर तास, चढावर दीड. ठरलेल्या वेळेवर आणखी अर्धा तास गेला, की मी गाडी वळवून उलटी यायची.

मधला तो सगळा वेळ माझा. वहिनी, उत्तर इथं आहे.

हर्णैला मी दोन तास थांबले. हे अजून केळशीच्या पलीकडं कुठंतरी होते. हर्णैला होड्या लांब पाण्यात उभ्या राहतात, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या समुद्रात शिरतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी आणि गाडीवर टोपल्या. समोर सुवर्णदुर्ग. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे वाटे पडतात आणि भोवती कडं करून बोली सुरू होते. डिसेंबरात सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव ज्यानं पाहिलाय, त्याला इथला कालवा ओळखीचा वाटेल. फक्त इथं माल थांबत नाही. बर्फ वितळायच्या आत टेम्पो सुटायला पाहिजे, म्हणून बोली चालते ती आमच्या कांद्याच्या दुप्पट वेगानं. उजनीतली चिलापी खाणारी माणसं आम्ही. मी एक वाटा घेतला आणि मुक्कामाच्या घरी करून द्यायला सांगितला. रात्री हे विचारतात, "हे कुठनं आणलंस?" ते त्याच बंदरावरून खाली मान घालून गेले होते.

(जंगल जेटी. लोखंडी उतरण पाण्याला टेकते.)

खाड्यांवर मात्र दोघं एकत्र. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, पुढं तवसाळहून जयगड. या रस्त्यावर अजून बऱ्याच खाड्यांना पूल नाही, म्हणून गाड्या घेऊन जाणाऱ्या या फेरीबोटी. इथं सगळे तिला जंगल जेटीच म्हणतात. दाभोळची 2003 पासून आहे. वाशिष्ठीच्या त्या मुखावरून पलीकडं जायला काही मिनिटं पुरतात. बोट नसेल तर चिपळूणवरून मोठा वळसा. पुलांची कामं आता निघाली आहेत. झाले की वेळ वाचेल, हे खरं. पण दिवसभरात आम्ही दोघं शेजारी उभं राहून काही न करता पाण्याकडं बघायचो, ते बोटीवरच. सायकल कठड्याला टेकवलेली, आणि कुणीतरी हमखास विचारणार, "कुठून आलात?" सोलापूर म्हटलं की पुढचा प्रश्न चादरीचा.

चादरीचं सोडा, टॉवेलचं सांगते. सोलापुरी टॉवेल आमच्या गच्चीवर तासाभरात कडकडीत वाळतो. इथल्या दमट हवेत तो तीन दिवस ओला. जर्सी, मोजे, टॉवेल, सगळं मागच्या सीटवर पसरून काचा खाली करून मी गाडी चालवली. घाम अंगावरच राहतो, म्हणून इथं तेहतीस डिग्री आमच्या चाळिसापेक्षा जड जाते. कडक भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ पडली. चटणी तेवढी शेवटपर्यंत टिकली.

रोज संध्याकाळचं काम म्हणजे साखळी. खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ तेलाला चिकटली की त्याचा पॉलिशपेपर होतो, दाते खातो. जुना टूथब्रश, चिंधी, मग एकेका कडीवर तेलाचा थेंब. हे काम मी माझ्याकडं घेतलं, कारण ते दमलेले असायचे आणि घाईत तेल जास्त सोडायचे.

रत्नागिरीच्या खाली माझं बघणं कमी झालं, चालवणं वाढलं. मालगुंडला केशवसुतांचं घर निवांत पाहिलं होतं. पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड मात्र भराभर गेले. पेट्रोल पंप मोठ्या गावातच, त्यामुळं टाकी अर्धी झाली की भरायची.

(शिरोडा. मिठागरांचे चौकोन.)

शिरोड्याला हे आपणहून थांबले. मिठागरं रस्त्यावरनं दिसतात. इथला मिठाचा सत्याग्रह 1930 च्या मे महिन्यातला. त्याच महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता आणि पुढच्या जानेवारीत चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून आम्ही रोज भाजी आणायला जातो. त्याच मे महिन्यात इथं या वाफ्यांत काय चाललं होतं, ते आम्ही दोघं इथं उभं राहूनच बोललो.

रेडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि सायकल टपावर चढली. परतीला आंबोली, गडहिंग्लज, मिरज, सांगोला. संक्रांतीच्या आधी घरी पोचायचंच होतं, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा सोडून सोलापूरकर बाहेर राहत नाही.

पुढच्या वेळी दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता मी सायकलवर करणार आहे. अगदी समुद्राला लागून जातो तो, आणि चढही फारसा नाही. हे गाडी घेऊन पुढं थांबतील. त्यांना चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची सवय नाही, तेवढी तुळजापूरच्या घाटात करून घ्यायची आहे.